पेजेवरची आई

१९८४ साली बोटीवरची नोकरी संपवून हरिश्चंद्र कोकणात पावस गावी घरी परतला. आईला उठवायला त्याने तिचा दंड धरला आणि तो हादरलाच. एकेकाळी नारळांची पाटी डोक्यावरून वाहणाऱ्या येसूबाईच्या दंडाला नुसतं हाड लागत होतं.

"आजारी होती?" त्याने बायकोला विचारलं.

"नाही हो. म्हातारपणी आराम हवा, म्हणून मी त्यांना इकडची काडी तिकडे करू दिली नाही. पचायला हलकी म्हणून दोन्ही वेळा पेजच दिली," सावित्री रडवेली झाली.

त्याने बोलावलेले डॉक्टर तिला तपासून म्हणाले, "अशाने अंगावरचं मांस झडतं. अंडी, मासे, कुळीथ खायला घाला आणि रोज उठबस करवा."

येसूबाई कुरकुरली, पण ऐकलं तिने. गणपतीत कुणाचा हात न धरता ती आरतीला उभी राहिली.