महिनाभराची दाढी

भाच्याने महिनाभर दाढी केली नव्हती आणि कारण विचारून विचारून लोकांनी त्याचं डोकं पिकवलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात कामाला. तिथे गिऱ्हाईक आरशात स्वतःचं तोंड बघायच्या आधी याचं बघतं. मालकाने दोनदा सुनावलं, तरी हा ढिम्म. रविवारी मामांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता आणि त्यांना काय द्यायचं हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

मामांनी बेचाळीस वर्षं सलून चालवलं. अख्ख्या गल्लीच्या माना त्यांच्या हाताखालून गेल्या. अलीकडे मात्र त्यांना विसरायला होत होतं. आधी चष्मा, मग माणसांची नावं, आणि गेल्या महिन्यात तर दाढीचं पाणी गॅसवर ठेवून ते सरळ फिरायला निघून गेले. भांड्याचा कोळसा झाला. ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, त्याच दिवशी त्यांचा वस्तरा कपाटात टाकून कुलूप लावलं. भांडं जळलं गॅसवर आणि शिक्षा झाली वस्तऱ्याला! हा न्याय भाच्याच्या डोक्यात गेला होता. तेव्हापासून मामा हात मांडीवर टाकून खिडकीशी बसून असत.

रविवारी दुपारी सगळ्यांनी आणलेल्या वस्तू उघडल्या गेल्या. सात वारांचे सात कप्पे असलेली गोळ्यांची डबी निघाली. तारीख-वार सांगणारं परातीएवढं घड्याळ निघालं. ताईने मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या 'चहा', 'साखर', 'संडास' अशा चिठ्ठ्या तर सकाळीच डब्यांवर आणि दारांवर चिकटल्या होत्या. शेवटी गळ्यात घालायचा बिल्ला, त्यावर घरचा फोन नंबर.

मामांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. "मी काय स्टेशनवर राहिलेली बॅग आहे?"

"बाबा, तुमच्या भल्यासाठीच आहे हो," ताई म्हणाली. वाईट नव्हती ती, घाबरलेली होती. मग ती भाच्याकडे वळली. "आणि तू आलास हात हलवत?"

"महिनाभर वाढवलीय," भाचा हनुवटी चोळत म्हणाला. त्याने मामांसमोर खुर्ची ओढली, बसला आणि मान मागे टाकली. "मामा, दाढी करायचीय. ताई, वस्तरा काढ."

"वेड लागलंय का तुला? गळ्याशी खेळ आहे!"

"गळा माझा आहे."

"आणि काही झालं म्हणजे?"

"झालं तर माझं होईल. तू वस्तऱ्याला नाही, त्यांना कुलूप घातलंयस."

ताईने किल्ली टेबलावर आदळली. मामांनी कपाटातून वस्तरा काढून उघडला, अंगठा लावून धार पाहिली, चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा हात मारले. भाच्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. त्याने पाय खुर्चीच्या पायांना अडकवले होते. पण फेस लावून झाल्यावर वस्तरा उजव्या कानाखाली टेकला आणि असा उतरला, की त्याला नुसतं गार लागलं.

"मान हलवायची नाही!" मामा खेकसले.

महिन्याभरात ते पहिल्यांदाच कुणावर तरी खेकसले होते. भाच्याला आनंदाने रडू येऊ लागलं, पण मान हलवायची सोय नव्हती.

उजवा गाल लख्ख झाला. मामांनी त्यावर तुरटी फिरवली, वस्तरा पुसून मिटला आणि ते जाऊन खिडकीशी बसले. डावा गाल तसाच राहिला, फेसासकट.

"बघितलंस?" ताई म्हणाली. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, रडूच होतं. तिने वस्तरा पुन्हा कपाटात टाकला. "जा, कुठेतरी पुरी करून घे."

"नाही करणार," भाचा फेस पुसत म्हणाला आणि तसाच भर रस्त्यातून घरी गेला.

सोमवारी दुकानात एका बाईंनी त्याला चष्मा लावून पाहिलं, मग काढून पाहिलं. मालक म्हणाला, "हे काय सोंग?"

"काम चालू आहे."

मालकाने त्याला काउंटरवरून उठवून आत काचा पुसायला बसवलं. त्याने दिवसभर काचा पुसल्या आणि संध्याकाळी तो मामांकडे गेला.

मामा खिडकीशीच होते. त्याला पाहून ते उठले, जवळ आले आणि त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"कुठल्या गाढवाने केलीय रे ही?"

ताईचा हात तोंडावर गेला.

"गिऱ्हाईक कुणी अर्ध्यावर सोडतं का? लाज वाटायला पाहिजे. बस खाली." मामांनी मागे न बघता हात पसरला. "वस्तरा."

ताई जागची हलली नाही. मामांचा हातही हलला नाही. शेवटी कुलूप निघालं आणि तिने वस्तरा त्यांच्या तळहातावर ठेवला. मग स्वतःच गॅसवर पाणी ठेवून ती गॅसपाशीच उभी राहिली.

डावा गाल साफ झाला. मामांनी उजव्यावर बोट फिरवलं, कालपासूनचे खुंट लागले तेव्हा तोंड वाकडं केलं आणि तोही पुन्हा केला.

"त्या गाढवाकडे परत जायचं नाही, कळलं?"

"जाणार," मान न हलवता भाचा म्हणाला. "त्याच्याकडेच जाणार."