नथ्थू वाकला नव्हता

जबलपूरच्या कापडगिरणीत तुळशीरामला चौदा वर्षं झाली होती. शेजारच्या मागावर नथ्थू. दोघांची घरं चेरीताल वस्तीत एकाच ओळीत.

आडवा धागा नेणारा टोकदार धोटा चालत्या मागावरून उडू नये म्हणून पुढे लोखंडी गज असतो. तुटलेला धागा जोडताना तो हाताला आडवा येई, कापड कमी निघे. म्हणून तुळशीरामनं आपल्या मागाचा गज काढूनच ठेवला होता. मुकादम बघून न बघितल्यासारखं करी.

एका सकाळी तुळशीरामच्या मागाचा धोटा उडाला आणि त्याचं टोक नथ्थूच्या डाव्या डोळ्यात शिरलं. तुळशीरामनंच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. परत येऊन बघतो तर मुकादमानं गज बसवून टाकलेला.

मॅनेजरनं विचारलं, "गज होता?"

मुकादम टक लावून बघत होता. तुळशीराम बोलून गेला, "होता जी. नथ्थूच वाकला मागावर." आणि त्यानं तसं लिहिलेल्या कागदावर सही केली.

नथ्थूचा डोळा गेला. त्याची बायको सत्यवती तिळाचे लाडू घेऊन आली. "भाऊजी, तुम्ही होते म्हणून हे वाचले," म्हणत ती पाया पडायला वाकली. तुळशीराम झटक्यानं मागे सरला. ते लाडू त्यानं तसेच फडताळात ठेवून दिले.

आठव्या दिवशी तो नथ्थूकडे गेला. खाली मान घालून म्हणाला, "गज नव्हता रे. मीच काढला होता. साहेबाला खोटं सांगितलं."

"गज नव्हता ते माहीत आहे मले," नथ्थू म्हणाला. "माह्या मागाचा तरी कुठं होता? पण वाकलो म्हणून काहून सांगितलं? पोरं विचारून राहिली, बाबा, तुम्ही काहून वाकले?"

दारात सत्यवती उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तुळशीरामनं मॅनेजरला खरं सांगितलं, मुकादमाच्या देखत. नवा कागद झाला. त्यातून नथ्थू वाकल्याचं वगळलं गेलं, गज तुळशीरामनं काढला असं लिहिलं गेलं. मुकादमाचं नाव कुठंच आलं नाही. तुळशीरामला कामावरून काढलं.

पुढे त्याला कौलांच्या भट्टीवर काम मिळालं. भट्टीची वाट नथ्थूच्या दारावरून जात होती. तुळशीराम मात्र रोज वस्तीमागच्या तळ्याला वळसा घालून जाई.