बारा खुणा

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी चार टोकं धरायची, मागे सरत ताण द्यायचा, एकदा झटकायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. रुग्णालयाच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत एका जोडीकडून दिवसाला अशा चारशे घड्या व्हायच्या. म्हणजे चारशे वेळा थोरली आणि धाकटी, एकाच घरातल्या दोघी जावा, समोरासमोर यायच्या, बोटांना बोटं लागायची, आणि चारशे वेळा धाकटी तोंड फिरवायची.

धाकटीला थोरलीच्या जोडीला दिलं होतं ते काही प्रेमाने नव्हे. धाकटीच्या जिभेपुढे दुसरी कुणी टिकतच नव्हती. आधीच्या दोघी रडून गेल्या होत्या, तिसरीने आपण होऊन वाफेच्या इस्त्रीवर बदली मागितली होती. तिथे हात भाजतात, पण कान भाजत नाहीत, असं ती म्हणाली होती.

थोरली काम करताना गुणगुणायची. यंत्रांच्या घरघरीखाली, ओठातल्या ओठात. ओव्या तिच्या स्वतःच्याच असायच्या, हाताला लय सापडली की आपसूक जुळणाऱ्या.

चादर धुते बाई, पाणी लागते गरम
माझ्या प्रभूचा गं हात, त्याहून नरम

“झालं सुरू,” धाकटी म्हणाली. “अहो जाऊबाई, तुमच्या प्रभूला कान आहेत ना? मग त्याला रोज हे ऐकून कंटाळा येत नाही?”

“येत असेल. सांगितलं नाही अजून त्याने.”

“भिडस्त दिसतोय.”

शेजारच्या टेबलावरच्या बायका खुदखुदल्या. धाकटीला तेवढंच हवं असायचं. ओव्या तिलाही जुळवता यायच्या. सासूच्या हाताखाली दोघींची जीभ सारखीच घासली गेली होती. तिने चादर जोरात झटकली आणि गळा मोकळा करून म्हटलं,

जाऊबाई गाते, ओठी देवाचं गं नाव
माझ्या उंबऱ्यावर, कुणी घातला गं घाव

थोरलीच्या हातून टोक सुटलं. ओली नसलेली चादर ओली असल्यासारखी धपकन खाली पडली.

“काय हो, देव निसटला की काय हातातून?” धाकटी म्हणाली. “उचला. परत धुवायला टाकावी लागेल ती आता.”

पूर्वी ती थोरलीला ताई म्हणायची, अगंतुगं करायची, तिच्या ताटातलं उचलून खायची. धाकटीचा नवरा, घरातला धाकटा, याच लाँड्रीची गाडी चालवायचा. तीन वर्षांपूर्वी उताराच्या वळणावर गाडी कठड्यावर गेली आणि तो जागीच गेला. त्यानंतरही काही महिने दोघी एकमेकींच्या कुशीत रडल्या होत्या. मग थोरली प्रार्थनेला जाऊ लागली, तिच्या चेहऱ्यावर उजेड यायला लागला, ती गायला लागली. त्या दिवसापासून धाकटीने तिला अहोजाहो करायला सुरुवात केली. मानाचं बोलणं असं उलटं धरलं की सुरीसारखं लागतं.

“नवरा माझा गेला,” ती चारचौघींत म्हणायची, “आणि देव हिला सापडला.”

चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, अतिवेग आणि चालकाचा निष्काळजीपणा. सासूने तो कागद कुणाकडून तरी एकदाच वाचून घेतला होता. तेव्हापासून म्हातारी मेलेल्या मुलाला बोल लावायची. “घाईतच जन्मला आणि घाईतच गेला. आईचा विचार केला नाही, बायकोचा केला नाही.” धाकटीही त्याला शिव्या द्यायची, पण भांडी घासताना, नळाच्या आवाजात.

त्या कागदावर जे नव्हतं, ते एकट्या थोरलीला माहीत होतं. बंदरावर काम करणाऱ्या, सहा महिन्यांनी घरी येणाऱ्या तिच्या नवऱ्यालाही नव्हतं.

तेव्हा ती पाठवणीच्या टेबलावर बसायची. गाडी निघायच्या आधी एक तक्ता भरायचा असे: ब्रेक, दिवे, टायर, आरसे, अशा बारा चौकटी, प्रत्येकीत बरोबरची खूण. खरं तर फिरून बघायचं आणि मग खूण करायची. पण कुणीच तसं करत नसे. सगळेजण पेन टेकवून वरून खाली एका दमात बारा खुणा ओढत, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. त्या सकाळी दीर खिडकीशी आला, काहीतरी सांगून गेला. रुग्णालयातून दोनदा फोन येऊन गेला होता, शस्त्रक्रिया खोळंबल्या होत्या. तिने मान हलवली आणि बारा खुणा ओढल्या. नंतर चौकशीचे साहेब आले. गाडीबद्दल कुणी काही सांगितलं होतं का, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “नाही.”

एवढंच. एक शब्द. तो घशातून बाहेर पडला आणि आतच राहिला.

महिनाभराने तिने स्वतःच पाठवणीचं टेबल सोडलं. लोकांना वाटलं दुःखाने. एकदा प्रार्थनामंदिराचं मेणाचे डाग पडलेलं कापड धुऊन द्यायला ती गेली. ओळख ना पाळख, झाडू मारणारे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बसा, पाय दुखत असतील. ते तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरूच, निघाले. ती शेवटच्या बाकावर बसली, मग पुढच्या रविवारीही बसली. एका रविवारी ते सगळ्यांना उद्देशून बोलत होते, तिच्याकडे बघतही नव्हते. म्हणाले, देवाला तुमचं सगळं ठाऊक आहे, आणि तरी तो तुमच्याजवळून उठून गेलेला नाही.

तिने तिथे, मनातल्या मनात, पहिल्यांदा ते सगळं सांगितलं. तारखेसकट, बारा खुणांसकट. आणि कोणी उठून गेलं नाही. गच्च मिटलेली मूठ कुणी एकेक बोट करून सोडवावी तसं काहीतरी झालं. घरी येताना तिला रस्त्यातली माणसं दिसली. कित्येक महिन्यांत ती दिसलीच नव्हती. तो आनंद खोटा नव्हता. दुःखाला झाकायला पांघरलेलाही नव्हता. तिला वाटलं होतं की माफी मिळाली म्हणजे ती गोष्ट विसरायला होईल. झालं उलटंच. जसजशी ती हलकी होत गेली तसतसं ते ‘नाही’ तिला अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागलं. रोज समोर येऊन टोकं हातात देणारी बाई, आणि तिच्यापासून लपवलेलं तिचंच काहीतरी.

सांगायला उशीर होत होता तो भीतीमुळे. थोरली भित्री होती, हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी दुपारी मुकादम नव्या ड्रायव्हरला घेऊन घडीच्या खोलीत आले. गठ्ठे कुठून उचलायचे ते दाखवत होते. बोलता बोलता म्हणाले, “आणि एक लक्षात ठेव, गाडी सावकाश. आधीचा होता ना, त्याला फार मस्ती होती वेगाची. गेला जिवानिशी, वर आमची गाडीही घेऊन गेला.”

नवा ड्रायव्हर हसला. त्याला काय ठाऊक.

सगळ्या बायकांनी धाकटीकडे पाहिलं. आता ही मुकादमांना सोलून काढणार. पण धाकटी मान खाली घालून चादरीच्या काठावर अंगठा फिरवत राहिली, जणू तिथे एखादा धागा निघाला होता. तिलाही ते खरंच वाटत होतं.

तिची ती खाली गेलेली मान थोरलीला सोसवली नाही. आणि आश्चर्य म्हणजे तिला भीती वाटली नाही. ती आत शोधायला गेली तर भीतीची जागा रिकामी होती. तिथे तोच आनंद बसला होता, स्वस्थ, दार धरून वाट बघणाऱ्या माणसासारखा.

मुकादम गेल्यावर ती म्हणाली, “त्याला मस्ती नव्हती.”

“तुम्ही मध्ये बोलू नका.”

“त्या सकाळी तो माझ्या खिडकीशी आला होता. ब्रेक खराब झालाय म्हणून सांगितलं होतं त्याने. मी ऐकलं आणि सगळं ठीक आहे म्हणून खुणा केल्या. नंतर साहेबांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले.”

दोघींच्या मध्ये चादर ताणलेली होती. धाकटीने ती सोडली नाही. उलट मुठीत आणखी घट्ट धरली.

“काय म्हणाला?”

“ब्रेक...”

“शब्द काय होते? त्याचे शब्द सांग.”

अहोजाहो सुरू केल्यापासून पहिल्यांदा तिने थोरलीला ‘तू’ म्हटलं, आणि त्यात माया नव्हती.

“म्हणाला, वहिनी, ब्रेक पाय टेकला की खाली जातोय, मालकांच्या कानावर घाला.”

“पुढे?”

“म्हणाला, आज हळूच नेतो.”

यंत्रं चालूच होती. शेजारच्या बायकांनी हातातलं काम थांबवलं होतं. धाकटीने चादर स्वतःकडे ओढायला सुरुवात केली, हातावर हात टाकत, विहिरीतून दोर ओढावा तशी, आणि दुसऱ्या टोकाला थोरली ओढली गेली, पुढे पुढे, अगदी तिच्या तोंडासमोर.

“हळूच नेतो म्हणाला,” धाकटी म्हणाली. “आणि मी रोज त्याला शिव्या देते. रोज. तू ऐकतेस. भिंतीपलीकडून ऐकतेस आणि गातेस.”

“हो.”

“कसली बाई आहेस गं तू?”

थोरलीने आपली टोकं तिच्या हातात दिली.

“चल,” धाकटी म्हणाली. “मुकादमाला सांग. आत्ता.”

“मी जाणारच होते.”

“तू मध्येच कुठे प्रार्थनेला बसशील. मी येतेय.”

मुकादमांनी ऐकून घेतलं आणि आधी दार लावलं. मग म्हणाले, “वहिनी, झालं गेलं. आता उकरून काय मिळणार? तुमच्याच अंगावर येईल.”

“येऊ दे,” थोरली म्हणाली. “चौकशीच्या साहेबांना अर्ज लिहून द्यायचाय. कागद द्या.”

“मालक एक दिवस ठेवणार नाहीत तुम्हाला.”

“ठीक आहे.”

“धर्माचं वेड लागलंय हिला,” मुकादम धाकटीला म्हणाले. “तुम्ही तरी समजवा.”

“मला काय सांगता?” धाकटी म्हणाली. “माझ्या नवऱ्याला मस्ती होती ना? कागद द्या तिला. आणि पेन चालतं का ते बघून द्या. इथे सगळं न बघताच चालतं.”

थोरलीने लिहिलं. धाकटी मागे उभी राहून प्रत्येक ओळ वाचत होती. “‘काहीतरी बिघाड’ नाही. ब्रेक लिही. तो ब्रेक म्हणाला होता.” थोरलीने खोडून ब्रेक लिहिलं. सही केली. मुकादमांनी अर्ज दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा, आणि म्हणाले, उद्यापासून येऊ नका.

घरी म्हातारी खिडकीपाशी बसली होती. धाकटीने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. थोरलीला दंडाला धरून तिच्यासमोर उभं केलं.

“सांग हिला.”

थोरली खाली बसायला गेली.

“बसू नकोस. उभ्याने सांग.”

थोरलीने उभ्याने सांगितलं. खिडकी, त्याचे शब्द, तक्ता, खुणा, ते खोटं. म्हातारीचा चेहरा जागचा हलला नाही. तिने थोरलीचा सगळा दोष ऐकला आणि जणू तो ऐकलाच नाही, अशी म्हणाली, “हळूच नेतो म्हणाला?”

“हो, सासूबाई.”

“माझा मुलगा?”

“हो.”

“पुन्हा सांग. तो म्हणाला तसं.”

थोरलीने पुन्हा सांगितलं. म्हातारीने डोळे मिटले. तिसऱ्यांदा सांगायला लावलं. चौथ्यांदा थोरलीचा आवाज फुटला, तेव्हा धाकटी म्हणाली, “रडू नकोस. तिला शब्द नीट ऐकू येत नाहीत.” मग म्हातारी हळूहळू, तीन वर्षांत न घेतलेलं त्याचं लाडाचं नाव घेऊन, रडायला लागली. थोरलीला तिने जवळ बोलावलं नाही. जा असंही म्हणाली नाही.

जिन्याच्या कठड्याशी धाकटी बाहेर येऊन उभी राहिली. थोरली तिच्या मागून आली, पण दोन हात अंतर ठेवून.

“मी तुला माफ केलेलं नाही,” धाकटी म्हणाली.

“नको करूस.”

“करणारही नाही बहुतेक. आता काय, काम गेलं, तुझ्या नवऱ्याला कळल्यावर तोही काय करेल देव जाणे. कुठे गेला तो तुझा आनंद? आहे अजून?”

थोरलीने स्वतःच्या आत प्रामाणिकपणे पाहून सांगायला हवं होतं. तिने पाहिलं. तिथे खड्डा पडला होता, आणि त्या खड्ड्याच्या तळाशी स्वच्छ पाणी होतं. इतकं स्वच्छ ते आधी कधीच नव्हतं.

“आहे.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते. दोन्ही आहे.”

धाकटी तिच्या दिशेने एक पाऊल आली. कानफटात मारायची की काय, असं थोरलीला वाटलं, आणि मारली असती तरी तिने गाल बाजूला केला नसता. पण धाकटी कठड्यावर दोन्ही हात टेकून खालच्या रस्त्याकडे बघायला लागली.

“रविवारी तिथे जाशील ना? तुझ्या त्या मंडळीत?”

“जाईन.”

“मग गाऊ नकोस. उभी राहा सगळ्यांसमोर आणि हे सांग. त्याचं नाव घेऊन सांग. तो हळू चालवत होता म्हणून सांग. तुझ्या देवाला तू एकटीत सांगितलंस, त्याला काय लागतं? तो ऐकून घेतो. माणसांना सांग.”

“सांगेन.”

“मी आत येणार नाही.”

“बरं.”

“दाराबाहेर उभी राहीन,” धाकटी म्हणाली. “एक शब्द इकडचा तिकडे केलास तर तिथून ओरडेन. तुझे पाळक काय म्हणतील ते म्हणू देत.”