जाड अक्षरं

माझ्या नातीने, आफराने, टॅबमध्ये जे बसवून दिलंय त्याला ती फीड रीडर म्हणते. मी फीडर म्हणते. दिघीत फीडर म्हटलं की लोकांना वाटतं वीज गेली. वाटू दे. चौथी शिकलेल्या बाईने याहून जास्त इंग्रजी बोलू नये, सुना बिचकतात.

त्याचं काम सोपं आहे. ज्या मैत्रिणी ब्लॉग लिहितात त्यांचं नवीन लिखाण आपोआप एका जागी येऊन पडतं. एकेकीचं दार ठोठावत फिरायला नको. न वाचलेलं जाड अक्षरात दिसतं, उघडलं की बारीक होतं. बहरीनची जुनेरा केकवर लिहिते, तिची अक्षरं मी आठ आठ दिवस जाडच ठेवते. राहीचं मात्र आल्याबरोबर उघडायचे.

राही आणि मी शाळेत एका पट्टीवर बसलो. ती लग्न होऊन नागावला गेली. नवरा वारला, नारळ-सुपारीची वाडी तिच्या नावावर राहिली. मुलगा गणराज तिथे पाहुण्यांना खोल्या देतो. पाहुण्यांना वाडीची माहिती व्हावी म्हणून त्यानेच तिला ब्लॉग काढून दिला. ती फोनमध्ये बोलायची, फोन लिहायचा. तिचं लिहिणं वाचलं की ती समोर बसून सुपारी कातरतेय असं वाटे.

दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. माझंच तोंड. गणराजला घेऊन ती ईदला आली, तो वाकून माझ्या पाया पडला. तो गाडीकडे गेल्यावर मी म्हटलं, "राही, तुझा पोरगा पाया पडतो तेव्हा त्याची नजर पायावर नसते, पायाखालच्या जमिनीवर असते." राहीने शिरखुर्म्याची वाटी तशीच खाली ठेवली.

"तुझ्या जिभेला हाड नाही, अमिरुन."

"हाड नाही, पण डोळे आहेत."

ती गेली. तिने फोन केला नाही, मीही नाही. पण तिचा ब्लॉग येत राहिला, आणि मी एकही सोडला नाही. माझी समजूत अशी की आपण उघडलं, अक्षरं बारीक झाली, की लिहिणारीला तिकडे कळतं. मोबाइलवर त्या दोन निळ्या खुणा येतात ना, तसं. म्हणजे मी न बोलता रोज तिच्याशी बोलतच होते. मान खाली घालायला नको आणि दोस्तीही शाबूत.

यंदा तिचं लिहिणं बदलायला लागलं.

आधी लिहिलं, "आज वाडीत मोजणीवाले आले. गणराज म्हणाला, आई तू आत बस, ऊन आहे. मी ऊन बघून जन्मले, पण बसले."

मग लिहिलं, "मला विसरायला होतं असं डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टरकडे कधी गेले, तेवढं मात्र आठवत नाही."

हे वाचून मी हसले.

पुढच्या आठवड्यात होतं, "फोनमधलं कार्ड गणराजने काढून घेतलं. घरच्या वायफायवर ब्लॉग तेवढा चालतो. नवी गोळी घेतली की दुपार कुठे जाते कळत नाही."

मी उघडलं, अक्षरं बारीक झाली. मनात म्हटलं, आता म्हणेल, अमिरुन, तू खरं बोलली होतीस. एवढं म्हणू दे, मी उडत जाईन. बोलावल्याशिवाय मी सख्ख्या भावाच्या दारात गेले नाही.

सोमवारी आलं ते दोन ओळींचं होतं. "दिघीची बाई वाचत असेल तर पोच दे. मला बाहेरून कडी लावतात. गुरुवारी वाडीच्या कागदावर सही आहे."

मी उघडलं. बारीक झालं. मला वाटलं, पोच गेली. आता ती लिहील, ये. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी टॅब मांडीवरून हलवला नाही. सुनेने विचारलं तर म्हटलं, तू तुझं कालवण बघ.

गुरुवारी सकाळी जाड अक्षरं आली. "मी मजेत आहे. आमच्याकडे एसी रूम व घरगुती जेवणाची उत्तम सोय."

राही जन्मात रूम म्हणाली नाही. खोली म्हणते. मी आफराला हाक मारली. तिने राहीचा ब्लॉग उघडून वरखाली केला.

"दादी, सोमवारचं इथे नाहीच. कोणीतरी काढून टाकलंय. तुझ्या फीडमध्ये आधी येऊन पडलं म्हणून उरलं."

"असू दे. मी तिला पोच दिलीय."

"कशी?"

"उघडलं की. बारीक झालं ना."

आफराने टॅब खाली ठेवला. "दादी, यात तसं नसतं. तू वाचलंस हे फक्त तुला कळतं. त्यांना काहीच दिसत नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

मी चप्पल घातली, आफराला टॅबसकट सोबत घेतलं. आगरदांड्याची फेरीबोट धरली, पलीकडे गाडी केली. मुरूड गेलं, काशीद गेलं, मी ड्रायव्हरला एकदाही हळू म्हटलं नाही. नागावला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

अंगणात पाहुणे समुद्रावरून येऊन ओल्या कपड्यांनी बसले होते. गणराज पुढे आला, वाकला, पाया पडला.

"या खाला. आई झोपलीय, उठवू नका सांगितलंय डॉक्टरांनी. बसा, चहा सांगतो."

"मी तिला लांबून बघते."

"उठल्यावर बघा ना. घाई काय आहे?"

खुर्ची दिली. चहा आला. तो समोर बसून हसत हसत फोनवर बोटं चालवत होता. थोड्या वेळाने आफराने माझ्या पदराला ओढलं आणि टॅब पुढे केला. जाड अक्षरं होती.

"आज माझी दिघीची मैत्रीण अमिरुन भेटायला आली. पोटभर गप्पा झाल्या. शेवटची फेरी चुकू नये म्हणून लवकर निघून गेली."

मी तर अजून खुर्चीत होते. बशीतला चहासुद्धा संपला नव्हता.

मी ते मोठ्याने वाचलं, पाहुण्यांना ऐकू जाईल असं. मग म्हटलं, "गणराज, मी गेले म्हणे. मग ही बसलीय ती कोण?"

त्याचं हसू हललं नाही. "आईला असंच काहीबाही वाटतं हो खाला. म्हणून तर औषध चालू आहे."

"झोपेत लिहिते वाटतं."

मी उठले आणि मागच्या पडवीकडे चालू लागले. लोक बघत होते म्हणून त्याने हात लावला नाही, फक्त मागून आला. शेवटच्या खोलीला बाहेरून कडी होती. मी काढली.

राही खाटेवर बसली होती, भिंतीला टेकून. निम्मी उरली होती. उजव्या हाताचा अंगठा निळा झाला होता आणि ती तो लुगड्याला पुसत होती. शाई निघत नव्हती.

"सकाळीच सहीला नेलं होतं," ती म्हणाली. जीभ जड पडली होती. मग तिने मान वर केली. "तू वाचत होतीस?"

"एक न् एक अक्षर."

"मग आली का नाहीस?"

मी वाकून तिचा अंगठा माझ्या पदराने पुसायला घेतला.

गणराज दारात उभा राहिला. "खाला, चहा निवतोय," असं म्हणत त्याने कडीवर हात ठेवला. त्याच्या पाठीमागे पडवीत आफरा उभी होती.

"आफरा," मी म्हटलं, "त्या सगळ्या पाहुण्यांना इकडे बोलाव. ओल्या कपड्यांनी आले तरी चालेल."