एकशे चौदा नंबरचा खांब

"पोरी, तुझ्या दारासमोरचा खांब पोकळ वाजतोय. एल्सीसाठी एक जादा सिलिंडर आणून ठेव," टॉइवो म्हणाले होते. चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस. निवृत्तीनंतरही हातोड्यानं खांब ठोकत हिंडायचा. माझी एल्सी सात महिन्यांची, झोपेत विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनवर. तरी मी हसले. "जुळं तर अठ्ठ्याण्णव टक्के ठणठणीत म्हणतंय!"

जुळं म्हणजे डिजिटल जुळं. आमच्या वीज सहकारी संस्थेचं सगळं जाळं कॉम्प्युटरात उतरवलेलं. ते आणलं ब्रॅडन क्रेल नावाच्या गुळगुळीत बोलणाऱ्या गृहस्थानं.

वार्षिक सभेला शाळेच्या जिममध्ये अख्खं गाव लोटलं. पॅनकेक होते, शिवाय प्रत्येकाला एक बादली फुकट. उत्तर मिनेसोटात एवढ्यावर माणूस कुठल्याही ठरावाला हात वर करतो. पडद्यावर हिमवादळ सुटलं. तारा बर्फानं वाकल्या, पण एकही तुटली नाही. टाळ्यांचा कडकडाट!

"जाळ्याचा आत्मा इथं वसतो!" क्रेल गरजला. "खांब आजारी पडायच्या आधी जुळ्याला ताप चढतो! मग खांब ठोकायची दरवर्षीची फेरी हवी कशाला?"

फेरी बंद करायला भराभर हात वर झाले. गुडघे टेकायचेच काय ते बाकी होते.

तेवढ्यात टॉइवो पोतं घेऊन उठले. "साहेब, एकशे चौदा नंबर कसाय?"

क्रेलनं बोट फिरवलं. हिरवागार. "अठ्ठ्याण्णव टक्के! अजून तीस वर्षं हलत नाही, आजोबा."

"मंगळवारीच हलला की." टॉइवोंनी पोतं टेबलावर पालथं केलं. कुजका बुंधा, त्यावर ११४ची पत्र्याची पट्टी. भुसा थेट क्रेलच्या पॅनकेकवर.

जिममध्ये हशा पिकला. "सिरप घाल की रे त्यावर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"श्रद्धा असेल तर जुळं..." क्रेल चाचरला.

मी एल्सीला कडेवर घेऊन उभी राहिले. "मंगळवारी तो खांब पडला, आमच्याकडे चार तास वीज नव्हती. टॉइवो सिलिंडर खांद्यावर टाकून आले, म्हणून ही आज इथं आहे. तुमच्या जुळ्याला खांबांची खबर देतं कोण?"

खोदून विचारल्यावर बाहेर आलं: कुणीच नाही. एकाही खांबावर, एकाही तारेवर मोजयंत्र बसवलेलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वीचे नकाशे रंगवून पडद्यावर टाकलेले. वादळही क्रेलनंच बेतलेलं, तारांना सोसेल इतकंच.

ठराव बारगळला. फेरी राहिली.

जुळं ही थाप नव्हे. खऱ्या तारांवरची मोजणी त्यात रोज उतरली, तर खरा खांब न पाडता वादळ आणून बघता येतं; कुठला खांब आधी बदलायचा ते कळतं. पण खरा खांब पडला की जुळ्याला 'तू चुकलंस' असं सांगायला माणूस लागतो. जे कधी चुकतच नाही, ते यंत्र नव्हे, तो बुवा.

तुमच्या तारेच्या शेवटच्या टोकाला कोण राहतं? तिथं कुणी मशीनवर श्वास घेत असेल, तर आजच जाऊन या. जादा सिलिंडर आहे का विचारा. "आहे" म्हणाले, तरी त्यावरचा दाबाचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.