आईवर गेलेली

आमच्या घरात मुलगी कुणावर गेली हे हनुवटी धरून ठरवतात. मी पाच-सहा वर्षांची असताना सुमतीकाकूंनी माझी हनुवटी धरली आणि निकाल दिला, "ही बापावर गेली." धाकट्या वैजूला मात्र उजेडाकडे वळवून म्हणाल्या, "ही हुबेहूब सरोजिनी!" सरोजिनी म्हणजे आमची आई. तेव्हापासून आई वैजूची झाली.

आई सत्तेचाळिसाव्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. आजारपणात उशापायथ्याशी मी होते, पण भेटायला येणारे वैजूला जवळ घेऊन रडायचे आणि मला चहा टाकायला सांगायचे. आईची नथही वैजूला मिळाली, कारण माझ्या नाकाला ती शोभली नसती म्हणे. मी जळायचे. अजूनही जळते. वैजू हडपसरच्या आयटी पार्कात मोठ्या हुद्द्यावर, मी शाळेत भूगोल शिकवते. त्यात माझी मुलगी स्वराली दिसायला मावशीसारखी. मावशीच्याच कंपनीत लागली, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मावशी म्हणते' अशी.

गेल्या वर्षी वैजूचा फोन आला. "ताई, आईला किती लहान वयात झाला होता! आपल्या दोघींना धोका आहे. मी डॉक्टरांकडे जातेय, तूही चल."

"तू जा," मी म्हटलं. "आईवर तू गेलीस. आम्ही बापाचे."

खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. नथ घेतलीस ना, आता हेही घे, असंच मनात आलं. पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली होती, तरी मला अधूनमधून डाग पडत होते. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बापावर गेलेल्या बाईला आईचा आजार कसा होईल?

स्वरालीला एक दिवस ते डाग दिसले. तिने अर्थातच मावशीला कळवलं. दुसऱ्या दिवशी वैजू वारज्याला आमच्या दारात उभी. "खाली रिक्षा थांबलीय. साडी बदलायची तर बदल."

डॉक्टरांनी माझं हनुवटीपुराण शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाई, चेहऱ्याचा इथे काही संबंध नाही. आईच्या जनुकात दोष असेल, तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. दिसायला कुणासारखी का असेना."

तपासणीत कॅन्सर निघाला. सुरुवातीचाच होता, म्हणून गर्भाशय काढून भागलं. मग दोघींचं रक्त तपासलं. दोष माझ्यात होता, वैजूत नव्हता.

रिपोर्ट कळल्यावर वैजू माझ्या पलंगाशी बसून ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तेव्हाही आतून जळतच होते. आईचं सगळं हिने नेलं आणि एवढं एक नेमकं माझ्यासाठी ठेवलं! तिने मला वेळेवर रिक्षात घातलं नसतं तर मी आज नसते, हे कळत होतं. त्याचाही राग येत होता.

आता स्वरालीचं रक्त तपासायला गेलंय. माझ्याकडून तिच्यात उतरण्याची शक्यताही निम्मीच.

काल सुमतीकाकू शहाळी घेऊन मला बघायला आल्या. नजर अधू झालीय, पण सवय सुटत नाही. त्यांनी स्वरालीची हनुवटी धरली आणि तिला खिडकीकडे वळवलं.

"अगं बाई, ही तर हुबेहूब वैजू! तुझं काहीसुद्धा घेतलं नाही हो पोरीनं."

हेच वाक्य स्वरालीच्या बारशापासून मला टोचत आलंय. आणि चेहऱ्याचा काही संबंध नाही, हेही आता पक्कं ठाऊक आहे.

"काकू," मी म्हटलं, "परत एकदा म्हणा."