देवरावचा गडवा

मित्रांनो, काल मला चिंच आणि राख लावून तीनदा घासले, तरी अंगाचा वास गेला नाही असे मला वाटते. मी एक जुना पितळी गडवा आहे. तुमच्याकडे मला तांब्या म्हणत असतील. गोंडपिपरीजवळच्या एका लहान गावात, सत्यशीलाबाईंच्या उंबऱ्याशी माझी जागा आहे.

बाईंचा थोरला भाऊ देवराव नौदलात भरती झाला, तेव्हा त्याने मला चंद्रपूरच्या बाजारातून आणले. माझ्या पोटावर स्वतःचे नाव कोरून घेतले आणि आईला, धुरपतामायला, म्हणाला, "माय, सुट्टीवर आलो का याच्याच पाण्यानं पाय धुईन."

घरात समुद्र कोणी पाहिला नव्हता. धुरपतामाय हसली. "एवढ्या पाण्यात राहून येशीन, अन् पाय माह्या गडव्यानं धुशीन काय रे?"

एकाहत्तरच्या लढाईत त्याचे जहाज बुडाले. तो एकवीस वर्षांचा होता. तार आली, देह काही आला नाही. तेव्हापासून माय रोज दिवेलागणीला मला भरून उंबऱ्याशी ठेवू लागली. ती गेल्यावर हा नेम बाईंनी उचलला. सांजेची बुद्धवंदना झाली की हातपंपाचे ताजे पाणी भरायचे, सकाळी ते मोगऱ्याला घालायचे. अंगात ताप असतानाही त्यांनी नेम मोडला नाही.

काल संध्याकाळी अंगणात बैठक होती. गावाच्या वाटेवर देवरावच्या नावाची कमान बांधायची होती, त्याला बाईंचा होकार हवा होता. मला किती आनंद झाला! बाईंनी मला भरून ठेवले आणि त्या चहा करायला आत गेल्या.

कमानीचा पुढाकार घेतलेले गावचे पुढारी विनोदभाऊ यांनी पन्नीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला. "देवरावचा एकच फोटो हाये, तोही पुसट. कमानीवर आपला मोठा टाकू."

त्यांचे तोंड भरले. शेजारी बसलेला देवाजी घाईने म्हणाला, "खाली नोको थुकू ना भाऊ, आंगन सारवलं हाये. तो गडवा हाये ना."

आणि विनोदभाऊ माझ्यात थुंकले. मग देवाजीही थुंकला. लालसर, चिकट लाळ पाण्यावर तरंगू लागली. सुपारीचा चोथा माझ्या गळ्याशी अडकला. एक ओघळ नावावरून खाली उतरला. मित्रांनो, मला ओकताही येत नाही हो.

बाई चहा घेऊन आल्या. त्यांनी मला पाहिले. ट्रे खाली ठेवला, मला उचलले आणि नाव विनोदभाऊंपुढे धरले.

"वाच ना भाऊ."

"चुकलं बाई, मले पिकदानी वाटली. दुसरा आणून देतो ना."

"वाच."

"देवराव," ते पुटपुटले.

बाईंचा आवाज मुळातच हळू. तो तसाच राहिला. "हातभरावरचं नाव दिसलं नाई तुमाले. वर कमानीवर कोन पाह्यल? खांब तं थुकालेच होतीन. मले कमान नोको. घ्या, चहा थंडा होऊन राह्यला."

कोणीच कप उचलला नाही.

सगळे गेल्यावर बाई मला घासत बसल्या. भरून उंबऱ्याशी ठेवले तेव्हा दिवेलागण टळून गेली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"दादा, आज उशीर झाला रे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, कोणाच्या दाराशी भांडे दिसले म्हणून त्यात थुंकू नका. आधी वाकून आत बघा. मी रिकामा नव्हतो.